बंद दरवाजा आणि लांबची वाट

बंद दरवाजा समोर दिसला म्हणजे त्याच्या पलीकडे काय आहे ते पाहावे, ही इच्छा मनुष्यस्वभावात फार जुनी आहे. दुर्ग रचणाऱ्यांनी तिला अडविण्याची विद्या वाढविली; पडद्यावरील खेळ रचणाऱ्यांनी तिला चेतविण्याची. या दुसऱ्या विद्येतून 'मेट्रॉइडवेनिया' या काहीशा अवघड नावाचा खेळप्रकार जन्मास आला. १९८६ साली जपानात 'मेट्रॉइड' व 'कॅसलव्हेनिया' असे दोन खेळ निघाले. त्यांच्या नावांच्या संयोगाने हे नाव बनले. १९९७ सालच्या 'सिंफनी ऑफ द नाइट' या खेळाने प्रकाराचे स्वरूप निश्चित केले. त्याचे गुणदोष पारखावयास वऱ्हाडकरांना फार दूर जावयास नको. अकोला जिल्ह्यात नरनाळा आणि अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ गाविलगड हे दोन दुर्ग त्यासाठी पुरेसे आहेत.

या खेळात प्रदेश एकच, पण तो विस्तीर्ण व गुंतागुंतीचा असतो. प्रारंभी बहुतेक वाटा बंद असतात. अरुंद भुयार दिसते, पण त्यात शिरता येत नाही. पुढे देह गोळ्यासारखा आकसण्याची शक्ती लाभते, आणि तेच भुयार राजमार्ग ठरते. खेळणाऱ्याला मागे पाहिलेल्या स्थळाची आठवण ठेवावी लागते, आणि ती आठवण फळास येते तेव्हा होणारा आनंद हा या प्रकाराचा मोठा गुण होय. येथे स्थळ हेच कथा सांगते.

दोषही त्याच मुळातून उगवतात. परत परत त्याच वाटेने जाणे काही काळाने कंटाळवाणे होते. पहिल्या 'मेट्रॉइड'मध्ये नकाशाच नव्हता, म्हणून पुष्कळांना कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागे. १९९४ च्या 'सुपर मेट्रॉइड'ने नकाशा दिला. पण नकाशाने सर्वच दाखविले तर शोध कसला उरला? २०१७ साली ऑस्ट्रेलियात निर्माण झालेल्या 'हॉलो नाइट'ने मधला मार्ग काढला. त्यात प्रत्येक भागाचा नकाशा विकत घ्यावा लागतो, आणि विसाव्याच्या बाकावर बसल्यावाचून त्यात नव्या जागांची भर पडत नाही. कोणी याला रसिकता म्हणतात, कोणी छळ.

आता दुर्गांकडे वळावे. नरनाळा हा एक किल्ला नसून तिहींचा समूह आहे: मध्ये नरनाळा, दोन बाजूंस जाफराबाद व तेलियागड. गाविलगडाची रचना याहून कठीण. दक्षिणेस ताठ कड्यावर आतला किल्ला. त्याच्या उत्तरेस व वायव्येस बाहेरचा किल्ला. आणि त्याहीपुढे उत्तरेस तिसरी भिंत. दक्षिण दरवाज्याची चढण केवळ पायी माणसालाच शक्य. वायव्येची वाट अरुंद, आणि बराच लांबवर तटावरील माऱ्याखाली. उत्तरेकडे मात्र जमीन गडाच्या पातळीस येऊन मिळते. पण तेथे पोहोचावयास एलिचपुराहून सुमारे तीस मैल डोंगरातून जावे लागे. ती वाट तोफांना अशक्य आहे, या समजुतीवर गडाचे बळ मोठ्या अंशी विसंबून होते.

१८०३ च्या २९ नोव्हेंबरला अकोल्याकडील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. पुढे वॉटर्लूमुळे प्रसिद्धीस आलेला आर्थर वेलस्ली तेथून गाविलगडावर चालून आला. त्याने कर्नल स्टीव्हन्सनला उत्तरेच्या लांबच्या वाटेने धाडले. ७ ते १२ डिसेंबरपर्यंत सैनिकांनी डोंगरात रस्ता तयार करीत तोफा हातांनी ओढून नेल्या. वेलस्लीने स्वतः दक्षिणेस राहून गडकऱ्यांचे लक्ष तिकडे गुंतविले. १५ डिसेंबरला उत्तरेच्या भिंतीला पाडलेल्या भगदाडातून हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, तरी आतल्या किल्ल्याचा तट अभंग होता. अखेर कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि गडावर भयंकर कत्तल झाली.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात गाविलगड व नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडेच राहिले. परंतु वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख हातचा गेला. ज्या मुलुखाच्या रक्षणासाठी दरवाजे उभारले होते तो मुलूखच गेल्यावर दरवाज्यांचे मोल ते काय राहिले?

गाविलगड दुर्बळ होता म्हणून पडला असे म्हणता येणार नाही. दुर्गम वाटेलाच पहारेकरी मानले गेले, हा त्याचा खरा दोष. वाट कितीही कठीण असो, ती शोधण्याची चिकाटी असलेला कोणीतरी येतोच. आणि आत शिरलेली मूठभर माणसे आतूनच दरवाजा उघडतात. खेळ रचणारा ही चिकाटी गृहीत धरूनच वाट आखतो. म्हणून तेथे जो गुण, तोच गडाच्या बाबतीत घातक ठरतो. आणखीही एक भेद आहे, आणि तो विसरण्यासारखा नाही. पडद्यावर पडलेला वीर मागच्या विसाव्याच्या जागी पुन्हा उठतो व त्याच दरवाज्याशी पुन्हा येतो. गाविलगडच्या त्या दरवाज्यात जे पडले, त्यांना दुसरा डाव मिळाला नाही. चिखलदऱ्यास जाणाऱ्या मुलामाणसांनी गडाच्या कमानीखालून जाताना शोधाचा आनंद अवश्य घ्यावा. मात्र त्या कमानीखाली क्षणभर थांबावेही.