‘नेल’: एका घंटानादाचा अर्थेतिहास

अग्रलेखांतून ‘मृत्युघंटा’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, तो भाषांतरित आहे याचे भानही उरलेले नाही. एखादे विधेयक छोट्या उद्योगांची मृत्युघंटा ठरते, एखादा निवाडा एखाद्या पक्षाची. इंग्रजीतील ‘डेथ नेल’ या जोडशब्दाचे हे सरळ रूपांतर होय. आपण उचलले ते केवळ रूपक. ज्या ध्वनीतून आणि ज्या विधीतून ते निघाले, ते तिकडेच राहिले. याने अग्रलेखाचे काही बिघडत नाही. जॉन डनच्या भाषांतरकाराचे मात्र बिघडते.

‘नेल’चे जुन्या इंग्रजीतील रूप ‘क्निल’, क्रियापद ‘क्निलन’. (आरंभीचा ‘क’ उच्चारातून गळाला, लेखनात टिकला.) अर्थ एवढाच: ठोका देणे, घंटा वाजवणे. जर्मनमधील ‘क्नालेन’, म्हणजे धाडकन आवाज होणे, हे त्याच कुळातले क्रियापद. हे कूळच मुळी आपल्या ‘ठण’, ‘घण’ यांप्रमाणे ध्वन्यनुकारी आहे. आजचा ‘ए’ स्वर बहुधा ‘बेल’ या शब्दाच्या सहवासाने आला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. मूळ शब्दात मृत्यू कोठेच नाही. याच संदर्भात येणारे ‘टोल’ हे क्रियापद निराळे. ते बहुधा ‘ओढणे’ या अर्थाच्या मध्ययुगीन इंग्रजी क्रियापदातून आलेले आहे. एक शब्द ऐकणाऱ्याच्या कानाचा, दुसरा दोर ओढणाऱ्याच्या हाताचा. (घड्याळाच्या टोलांकडे पाहून नाते जुळवण्याचा मोह आवरलेला बरा, मराठी ‘टोला’ हा आघात आहे, ओढ नव्हे.)

प्रथा मात्र या अर्थसंकोचाहून जुनी. बीडने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या धर्मेतिहासात ६८० साली झालेल्या हिल्डाच्या मृत्यूची हकीकत आहे. दूरच्या मठातील एका जोगिणीला त्या रात्री ओळखीची घंटा ऐकू येते. कोणी इहलोक सोडला की प्रार्थनेसाठी वाजणारी. बीडचा शब्द लॅटिन, ‘काम्पाना’. तेराव्या शतकातील ड्युरँडस ठोक्यांचा हिशेबही देतो: स्त्रीसाठी दोनदा, पुरुषासाठी तीनदा. या घंटेचे काम दुहेरी होते. ऐकणाऱ्याने जाणाऱ्या जीवासाठी प्रार्थना करावी आणि भूतपिशाच्चांनी दूर पळावे.

धर्मसुधारणेने या कल्पनेच्या मुळावरच घाव घातला. मृतांसाठी केलेली प्रार्थना व्यर्थ, असे ठरल्यावर घंटा वाजवायची कोणासाठी? सर्व संतांच्या सणाच्या रात्री मृतांसाठी होणारा घंटानाद इंग्लंडमधील सुधारकांनी मोडून काढला. पण घंटा सर्वस्वी मुकी करणे त्यांना जमले नाही. १६०४ च्या धर्मनियमांतील ६७ वा नियम ही तडजोड नोंदवतो. माणूस मरणपंथाला लागला असता घंटेचे ठोके द्यावेत आणि धर्मगुरूने आपले अखेरचे कर्तव्य करण्यात कुचराई करू नये; मृत्यूनंतर एकदा थोडा वेळ घंटानाद व्हावा; दफनापूर्वी एकदा, दफनानंतर एकदा. आत्म्यासाठीची याचना अशी जिवंतांसाठीची सूचना झाली.

डनचे गद्य या नियमाच्या चौकटीत वाचावयास हवे. १६२३ च्या दुखण्यात रचलेले आणि १६२४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे चिंतन हेमिंग्वेच्या १९४० च्या कादंबरीच्या शीर्षकामुळे जगभर पोचले. पोचले ते सतराव्या चिंतनातील एका तुकड्यापुरते. तेथील घंटा मंद आहे. ज्याच्यासाठी ती वाजते तो अजून मेलेला नाही; कदाचित इतका आजारी आहे की, ती आपलीच आहे हेही त्याला कळत नसेल. अठराव्या चिंतनात घंटा वेगाने वाजू लागते आणि तो गेल्याचे कळते. मंद ठोके आणि द्रुत नाद यांतील अंतर म्हणजे मरणे आणि मेलेले असणे यांतील अंतर. डनचा सारा युक्तिवाद या फटीत उभा आहे. ऐकणारा स्वतःला त्या अनभिज्ञ रुग्णाच्या जागी ठेवू शकतो, कारण निकाल अद्याप लागलेला नाही. पुढे ‘जाणाऱ्याची घंटा’ ही गेल्यानंतरच वाजू लागली आणि ही फट बुजली. ग्रेच्या १७५१ च्या विलापिकेत तर ‘नेल’ मावळत्या दिवसाला लागला आहे. अर्थात रूपकाची सुरुवात आधीचीच. मॅकबेथला घरातली साधी इशाऱ्याची घंटाही डंकनचा ‘नेल’ वाटते.

मराठीत अडचण केवळ शब्दाची नाही. आपल्या बहुसंख्य वाचकांच्या कानी घंटा येते ती देवळाची, आरतीची किंवा शाळेची. वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती वस्त्यांचा कान याला अपवाद. १७३९ च्या वसईविजयानंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणून देवळांत टांगल्या. मेणवलीची घंटा आजही त्यांची साक्ष देते. धातू तोच, नाद तोच. पण ती ऐकून मरणाऱ्याचे स्मरण कोणाला होते? अर्थ धातूत नसतो, हे सोस्यूरशिवायही येथे कळते.

म्हणून डनच्या भाषांतरात ‘मृत्युघंटा’ टाळावी, असे माझे मत आहे. तो समास निकाल आधीच जाहीर करतो. सतराव्या चिंतनात ‘ठोके’ हा शब्द पुरेसा आहे. एकेक, अंतराअंतराने पडणारे. ‘घणघणाट’ अठराव्यासाठी राखून ठेवावा.