आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर कोणत्या सालचा?

जुने घंगाळ हाती आले की आपण आधी काठावर नाव घातले आहे का ते पाहतो. कोणी, कोणाला, कोणत्या साली दिले, ते त्यावरून कळते. दूर देशातील एका वस्तूचा इतिहासही असाच वाचता येतो, तो सांगते.

माझी पुतणी अमेरिकेत असते. तिच्या आजेसासऱ्यांच्या मागे एक पेटी उरली. पिवळसर जाड कापडाने मढविलेली, प्रवासी बॅगेसारखी. विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारा तो फेंडर कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर. १९५३ साली कोरियाच्या युद्धावरून परतल्यावर आजोबांनी घेतला, असे घरात सांगत. कापड मळले म्हणून ते काढून पेटी रंगवावी, असा सर्वांचा बेत होता. पुतणीने तो मोडला, हे फार बरे केले.

लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ साली त्यांनी दुकान काढले, पुढे तेथेच गिटार व अ‍ॅम्प्लिफायरचा कारखाना उभा राहिला. १९६५ साली तो सीबीएस कंपनीकडे गेला.

पेटीच्या आत कागद चिकटविलेला असतो. कोणता व्हॉल्व्ह कोठे बसवावयाचा, ते त्यावर छापलेले. त्याच कागदावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का. पहिले अक्षर सालाचे : ए म्हणजे १९५१, बी म्हणजे १९५२, असे पुढे. दुसरे महिन्याचे. येथे निघाले 'एच' आणि 'सी', म्हणजे १९५८ चा मार्च! स्पीकरच्या कडेवर २२० आणि ८०३ असे आकडे होते. २२० हा जेन्सन कंपनीचा क्रमांक, ८ हा सालाचा शेवटचा अंक, ०३ म्हणजे तिसरा आठवडा. नुसत्या ८ वरून १९४८ की १९५८ ते कळत नाही. कागदाशी ताडावे लागते. शिवाय स्पीकर मागाहून बदललेलाही असतो, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

युद्धाची गोष्ट सुटली, याचे सासूबाईंना वाईट वाटले म्हणे. आपल्याकडे नाही का, प्रत्येक जुनी गोष्ट 'प्लेगच्या साली' घडलेली असते!

मला मोल वाटले ते निराळ्याच खुणेचे. आतल्या पत्र्याच्या डब्यात, तारांच्या शेजारी, कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर एका बाईचे नाव. त्या कारखान्यात तारा जोडण्याचे, डाख देण्याचे काम पुष्कळशा बायाच करीत. मेक्सिकन घराण्यांतल्या कितीतरी. जिच्या हातचे काम, तिच्या नावाची पट्टी आत. कंपनीचे नाव दर्शनी बाजूस झळकते, हिचे कोणास दिसतच नाही.

हा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढला तरी आतील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट वीज साठून राहू शकते. पुतणीने जाणत्या कारागिराकडूनच तो उघडविला. त्याने पट्टीचा फोटो काढून दिला आणि पट्टी होती तेथेच राहू दिली.