दळणाची गाणी

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून संगीतापर्यंत अनेक विषयांचा त्यात समावेश आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद या राजाने संगीताच्या ओघात करून ठेवली आहे. म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध होण्याआधी दीड शतकापासून ओवी कष्टाच्या कामाला जोडलेली होती, आणि राजदरबारातल्या ग्रंथकाराने दखल घ्यावी इतकी ती रुळलेली होती. संगीताने मन प्रसन्न होते, कामात लक्ष लागते, दिवस सुसह्य होतो, असे आज सगळीकडे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण हा लाभ सांगताना आपल्या डोळ्यांसमोर ऐकणारा माणूस असतो. महाराष्ट्रात शतकानुशतके रोजच्या वापरात असलेल्या या संगीताचा इतिहास वेगळे काही सांगतो. गाणे कामाच्या लयीत बसले, गाणाऱ्याच्या स्वतःच्या गळ्यातून निघाले आणि त्यात त्याचे स्वतःचे म्हणणे आले, तेव्हा त्याने माणसाला सर्वांत जास्त दिले.

जात्यावरचे काम नीट पाहिले की याचे कारण कळते. घरात पीठ हवे तर पहाटे अंधारात उठून दळायला बसावे लागे. एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, हातात खुंटा. दोघी असतील तर जावा-जावा किंवा नणंद-भावजय समोरासमोर बसून एकच खुंटा धरत. एका हाताने जाते ओढत राहायचे आणि दुसऱ्याने मधूनमधून तोंडात मूठभर वैरण टाकायची. वैरण जास्त पडली तर भरड निघते. कमी पडली तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. हात मध्येच थांबला की जड दगड पुन्हा फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे या कामाला ताकदीइतकीच एकसारखी गती लागते, आणि ही गती तास-दोन तास टिकवायची असते. ओवीची रचना याच गरजेत बसते. ओळी छोट्या, चाल थोड्या सुरांत फिरणारी, चरण अपुरा पडला तर ‘गं बाई’सारख्या शब्दांनी फेऱ्याशी जुळवून घेता येणारा. एकीने ओळ टाकावी, दुसरीने उचलावी, म्हणजे एकीला दम घ्यायला अवसर मिळे आणि जाते मात्र थांबत नसे.

हे फक्त जात्यापुरते नव्हते. मोट हाकणारा शेतकरी बैलांच्या येरझाऱ्यांवर गाई, कापणीच्या पाती भलरीच्या तालावर पुढे सरकत, होडी वल्हवणारे कोळी गाण्याच्या ठेक्यावर वल्ही टाकत. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारी दिंडी आजही टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले टाकते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ कार्ल ब्यूशर याने 1896 मध्ये लाइप्झिगहून ‘श्रम आणि लय’ या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि देशोदेशीच्या श्रमगीतांच्या आधारे मांडले, की लय ही कष्टाची सोबतीण आहे. तिच्यामुळे हालचाल आपोआप होऊ लागते आणि थकवा लांबतो. संगीताचा जन्मच श्रमातून झाला, हा त्याचा पुढचा दावा सर्वांना पटला नाही. लयीविषयीचे निरीक्षण मात्र टिकले. त्याच लाइप्झिगमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये व्यायामाच्या यंत्रांवर प्रयोग केला. यंत्र ओढताना नुसते संगीत ऐकणाऱ्यांपेक्षा, ज्यांच्या हालचालींतूनच संगीत निर्माण होत होते, त्यांना तोच व्यायाम कमी कष्टाचा वाटला. जात्यावरच्या बाईला हे कोणी सांगायची गरज नव्हती. तिचे गाणे आणि तिचा हात एकाच फेऱ्यात होते.

मनाच्या बाजूनेही हेच दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये आणि पुढे सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या संग्रहांत हेच धन जपले. या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, वनवासातली सीता आहे; पण त्याबरोबर सासूचा जाच आहे, नवऱ्याची मारहाण आहे, मुलीच्या जन्माला आल्याचे दुःख आहे. दलित बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर येतात आणि बाबासाहेबांविषयीचा अभिमानही येतो. दिवसा चारचौघांत जे बोलता येत नव्हते ते पहाटे दगडाच्या घरघरीत गाता येत होते, आणि समोर खुंटा धरलेली बाई ती ओळ उचलत होती. दुःख हलके होण्यासाठी ते सांगता यावे लागते आणि कोणीतरी ऐकावे लागते. या गाण्यात दोन्ही साधत होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: हा कष्टाचा गौरव झाला. बाईला पहाटे उठवून दगड ओढायला लावणारी व्यवस्था गाण्यामुळे सुसह्य झाली आणि म्हणूनच टिकली. आक्षेपाचा पहिला भाग मान्यच केला पाहिजे. गाण्याने दगडाचे वजन कमी होत नव्हते, खांदे दुखायचे थांबत नव्हते. विसाव्या शतकात डिझेलची आणि मग विजेची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी दळणाचे डबे तिकडे धाडले, आणि ते योग्यच होते. पण गाण्यामुळे बायका गप्प बसल्या, हे मात्र ओव्या वाचल्यावर म्हणता येत नाही. ज्या गाण्यात सासरच्या अन्यायाची नावानिशी तक्रार आहे, ते गाणे निमूटपणा शिकवत नव्हते. जाते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. जात्याबरोबर बायकांची रोज बोलण्या-गाण्याची हक्काची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी मिळाली नाही, याची मात्र नोंद घ्यायला हवी.

यंत्रांच्या युगात कामावरचे गाणे दुसऱ्या रूपाने परतले. ब्रिटनमध्ये 1937 च्या एका औद्योगिक अहवालाने कंटाळवाण्या, एकसुरी कामात संगीताचा उपयोग दाखवला, आणि 23 जून 1940 पासून, ऐन युद्धात, बीबीसीने कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. तो 1967 पर्यंत चालला. उपयोग झालाच. पण इथे गाणे निवडणारा दुसरा, त्याचा हेतू उत्पादनाचा, आणि कामगाराकडे उरले ते ऐकणे. टाळ्यांचा ठेका असलेले एक लोकप्रिय गाणे तर या कार्यक्रमातून वगळावे लागले, कारण कामगार हातातली अवजारे आपटून ताल धरत. माणसाला गाण्यात सामील व्हायचे असते, याचा यापेक्षा सरळ पुरावा शोधायला नको.

आज बहुतेकांचे काम हाताचे नसून वाचण्या-लिहिण्याचे आहे, तिथे ओवीचा दाखला कसा लागू पडणार, असा दुसरा आक्षेप येईल. तो महत्त्वाचा आहे. 1989 मध्ये सालामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की आकडे लक्षात ठेवताना शब्द असलेले गाणे कानावर पडले तर नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा होतो. मोत्सार्ट ऐकून बुद्धी वाढते, हा 1993 च्या एका छोट्या प्रयोगातून पसरलेला समजही टिकला नाही. तो परिणाम काही मिनिटांचा होता, आणि पुढच्या अभ्यासांनी तो आनंदी, उल्हसित मनःस्थितीचा असल्याचे दाखवले. या निष्कर्षांचा ओवीच्या इतिहासाशी मेळ बसतो. दळणात हात गुंतलेले होते आणि शब्द मोकळे होते, म्हणून शब्दांचे गाणे चालले. जिथे कामच शब्दांचे आहे, तिथे गाणे कामाच्या आधी किंवा नंतर हवे, नाहीतर शब्दांवाचून हवे.

म्हणून संगीताने रोजचे जगणे सुधारायचे असेल तर कानात यंत्र घालून दिवसभर काहीतरी वाजत ठेवणे पुरेसे नाही. भाजी निवडताना, भांडी घासताना, चालताना स्वतः गावे. सूर लागतो की नाही याची पर्वा न करता गावे. घरात कोणी गुणगुणत असेल तर त्याला गप्प करू नये, जमल्यास पुढची ओळ उचलावी. आणि घरात ओव्या माहीत असलेली आजी असेल, तर तिच्याकडून त्या याच वर्षी ऐकून, शिकून घ्याव्यात.