परीकथेचा दुसरा अंक: ‘इन्टू द वुड्स’ आणि सॅन डिएगोचे ओल्ड ग्लोब थिएटर

‘इन्टू द वुड्स’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग ४ डिसेंबर १९८६ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात, ओल्ड ग्लोब थिएटरमध्ये झाला. संगीत आणि पदे स्टीफन साँडहाइम यांची, संहिता आणि दिग्दर्शन जेम्स लपाइन यांचे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हे नाटक त्यानंतर अकरा महिन्यांनी पोहोचले. सिंड्रेला, जॅक, रापुंझेल आणि लाल टोपडीतली मुलगी यांना एकाच जंगलात आणणारे, आणि ‘सुखाने नांदू लागले’ या वाक्यानंतर काय होते ते सांगणारे हे नाटक आज जगभर शाळा-महाविद्यालयांतून आणि हौशी मंडळांतून केले जाते. त्याचा अवघड उत्तरार्ध मात्र घडला तो व्यावसायिक रंगभूमीच्या राजधानीपासून फार दूर, एका बागेतल्या जेमतेम ५८० आसनांच्या नाट्यगृहात.

ते नाट्यगृह मुळात टिकण्यासाठी बांधलेलेच नव्हते. १९३५ साली सॅन डिएगोच्या बॅल्बोआ पार्कमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात शेक्सपिअरच्या नाटकांच्या पन्नासेक मिनिटांच्या संक्षिप्त आवृत्त्या दाखवण्यासाठी, लंडनच्या जुन्या ग्लोबच्या धर्तीवर ते उभारले गेले. प्रदर्शन संपल्यावर ही तात्पुरती इमारत पाडली जाणार होती. गावातल्या लोकांनी पैसे जमवून ती वाचवली, तिची डागडुजी केली आणि १९३७ मध्ये तिथे स्थानिक मंडळींची नाटके सुरू झाली. त्याच वर्षी नट म्हणून इथे आलेले क्रेग नोएल १९३९ मध्ये दिग्दर्शक झाले आणि पुढची कित्येक दशके या संस्थेचा कणा होऊन राहिले. दुसऱ्या महायुद्धात बाग नौदलाच्या ताब्यात गेली आणि नाटके थांबली. १९४९ मध्ये उन्हाळी शेक्सपिअर महोत्सव सुरू झाला. मार्च १९७८ मध्ये कोणीतरी लावलेल्या आगीत नाट्यगृह जळाले. गावाने पुन्हा पैसे उभे केले आणि १९८२ मध्ये नवी वास्तू उघडली. तोवर कलादिग्दर्शकपदाची सूत्रे जॅक ओब्रायन यांच्याकडे आली होती. १९८४ मध्ये प्रादेशिक नाट्यसंस्थेला दिला जाणारा टोनी पुरस्कार ओल्ड ग्लोबला मिळाला. ज्या गावाने आपले थिएटर दोनदा वाचवले, त्या गावाचा प्रेक्षक नाटकाकडे आपल्या घरचे कार्य म्हणून पाहतो. पुढे जे घडले त्यात या प्रेक्षकाचा वाटा आहे.

अशी थिएटरे अमेरिकेत एकेकटी उगवली नव्हती. १९४७ मध्ये मार्गो जोन्स यांनी डॅलसमध्ये आणि नीना व्हान्स यांनी ह्यूस्टनमध्ये, तर १९५० मध्ये झेल्डा फिचँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपापली नाट्यसंस्था उभी केली. नफ्यासाठी न चालणारी, वर्गणीदारांच्या आधारावर हंगाम ठरवणारी आणि स्वतःचे नट-तंत्रज्ञ बाळगणारी ही केंद्रे होती. या चळवळीच्या मुळाशी तीन स्त्रिया आहेत, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. पुढे फोर्ड फाउंडेशनने या संस्थांना मोठे अनुदान दिले, १९६३ मध्ये टायरोन गथ्री यांनी मिनीॲपोलिसमध्ये भव्य थिएटर उघडले आणि १९६५ पासून कलांसाठी सरकारी निधीही मिळू लागला. न्यूयॉर्कहून निघालेल्या दौऱ्यांची वाट पाहत बसण्याचे दिवस त्यामुळे अनेक शहरांपुरते सरले.

दरम्यान ब्रॉडवेची एक जुनी रीत मोडकळीला आली होती. नवे संगीत नाटक न्यूयॉर्कला आणण्याआधी न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया अशा गावांत चार-सहा आठवडे चालवून पाहायचे, रात्री प्रयोग आणि दिवसा दुरुस्ती, अशी ती रीत. ‘ओक्लाहोमा!’ हे गाजलेले नाटक १९४३ मध्ये न्यू हेवनला वेगळ्याच नावाने उभे राहिले होते. पण नेपथ्य, वाद्यवृंद आणि कामगार घेऊन गावोगाव फिरण्याचा खर्च वाढत गेला, तशी निर्मात्यांची नजर प्रादेशिक थिएटरांकडे वळली. तिथे कार्यशाळा तयार, तालमीची जागा तयार, प्रेक्षक आधीच तिकिटे घेऊन बसलेला. कनेटिकटमधल्या गुडस्पीड ऑपेरा हाउसने १९६५ मध्ये ‘मॅन ऑफ ला मांचा’ आणि १९७६ मध्ये ‘ॲनी’ अशी दोन नाटके ब्रॉडवेला दिली, तेव्हा ही नवी वाट पक्की झाली. सॅन डिएगोतच, १९८३ मध्ये पुन्हा सुरू झालेले ला होया प्लेहाउसही याच वाटेने निघाले होते.

परीकथा संगीत नाटकाला नवी नव्हती. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीने थेट दूरचित्रवाणीसाठी लिहिलेली ‘सिंड्रेला’ ३१ मार्च १९५७ रोजी प्रसारित झाली आणि दहा कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली. १९५९ मधल्या ‘वन्स अपॉन अ मॅट्रेस’ने गाद्यांच्या ढिगाखालच्या वाटाण्याची कथा घेऊन धमाल उडवली. दोन्ही नाटके आपापल्या जागी गोड आहेत, पण दोन्ही लग्नाशी थांबतात. परीकथा जिथे पडदा पाडते तिथेच नाटकानेही पडदा पाडायचा, हा संकेत कोणी मोडला नव्हता.

साँडहाइम आणि लपाइन यांचे आधीचे नाटक ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ १९८४ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढचे काम म्हणून एक नवी परीकथा रचावी असे त्यांच्या मनात आले. अडचण लगेच कळली: परीकथा अंगानेच आखूड असते, ती ताणली की तिचा जीव जातो. उपाय लपाइन यांना सापडला. जुन्या कथा एकमेकींत गुंतवायच्या आणि त्यांना बांधणारी एक नवी कथा मध्ये घालायची. मूल नसलेला पाववाला आणि त्याची बायको ही ती नवी जोडी. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांचे परीकथांवरचे १९७६ चे पुस्तक तेव्हा फार चर्चेत होते. या दोघांचा ओढा मात्र कार्ल युंग यांच्या विचारांकडे अधिक होता. लपाइन यांनी युंगच्या एका रुग्णकथेवर पूर्वी नाटकही लिहिले होते.

पहिल्या अंकाची रचना घड्याळासारखी नेटकी आहे. पाववाल्याच्या बापाने शेजारच्या चेटकिणीच्या बागेतून चोरी केली, म्हणून घराण्याला निपुत्रिकतेचा शाप. तो उतरवायचा तर तीन मध्यरात्रींच्या आत चार वस्तू आणायच्या: दुधासारखी पांढरी गाय, रक्तासारखा लाल झगा, मक्यासारखे पिवळे केस आणि सोन्याचा जोडा. प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी कथेतली आहे, म्हणून नवरा-बायको ज्याच्या त्याच्या कथेत शिरतात. कधी मागून घेतात, कधी फसवून. लपाइन यांनी ग्रिम बंधूंच्या आवृत्तीतला काटेरीपणाही राखला. सिंड्रेलाला वस्त्रे मिळतात ती आईच्या थडग्यावरच्या झाडाकडून, जोडा बसावा म्हणून सावत्र बहिणींचे अंगठा आणि टाच कापले जातात, आणि शेवटी पाखरे त्या बहिणींचे डोळे फोडतात. अंक संपतो तेव्हा सगळ्यांच्या मनासारखे झालेले असते. मध्यंतरात प्रेक्षकाला नाटक संपलेच असे वाटावे, इतका तो शेवट भरलेला आहे.

दुसरा अंक त्या सुखाचा हिशेब मागतो. जॅकने ज्या राक्षसाला मारले त्याची बायको सूड घेण्यासाठी खाली उतरते. कथा सांगणारा निवेदकच पात्रे तिच्या हवाली करतात. त्यानंतर पुढे काय करायचे ते सांगणारे कोणी उरत नाही. जॅकची आई मरते, रापुंझेल चिरडली जाते, आणि राजपुत्राबरोबरच्या एका क्षणिक मोहानंतर परतीच्या वाटेवर पाववाल्याची बायकोही जाते. उरलेले एकमेकांवर दोष ढकलतात. ते संपल्यावरच चौघे, म्हणजे पाववाला, सिंड्रेला, जॅक आणि लाल टोपडीवाली, मिळून राक्षसिणीला सामोरे जातात. पहिल्या अंकातल्या लहानसहान फसवणुकींनीच हे संकट ओढवले आहे, हे या अंकाचे सार. ते प्रेक्षकाच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. तासभर हसलेल्या माणसासमोर एकामागून एक लाडकी पात्रे मारायची होती.

सॅन डिएगोतले ५० प्रयोग या कामी आले. जून १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लेराइट्स होरायझन्स या संस्थेत नाटकाचे प्राथमिक रूप तपासून झाले होते, पण तिकीट काढून आलेल्या अनोळखी प्रेक्षकापुढे ते पहिल्यांदा उभे राहिले ते ओल्ड ग्लोबमध्ये. दुसऱ्या अंकातले इतके मृत्यू पाहून लोकांनी कशाला धरून घरी जायचे, याचे उत्तर मूळ संहितेत पुरेसे नव्हते. ‘नो वन इज अलोन’ हे आज नाटकाचे हृदय मानले जाणारे पद प्रयोग चालू असतानाच त्यात आले. आई गमावलेल्या मुलीला सिंड्रेला आणि आई गमावलेल्या मुलाला पाववाला समजावतो, तो हा प्रसंग. या पदाचा अर्थ दुहेरी आहे: कोणी एकटे नाही म्हणजे आधार आहे, आणि कोणी एकटे नाही म्हणजे आपल्या प्रत्येक कृतीची झळ दुसऱ्याला लागते. हे पद नसते तर दुसरा अंक नुसता कठोर राहिला असता. सावकाश दुरुस्ती करू देणारे थिएटर मिळाले, हे या नाटकाचे भाग्यच.

संगीतातही हीच बांधणी आहे. चेटकिणीच्या पाच जादूच्या बियांसाठी साँडहाइम यांनी पाच स्वरांचा एक लहान तुकडा योजला आणि पुढे नाटकभर त्यातून वेगवेगळ्या चाली उगवू दिल्या. बी जशी एका कथेतून दुसरीत जाते, तसे हे स्वर एका पात्राकडून दुसऱ्याकडे जातात. वाद्यवृंदरचना जोनाथन ट्यूनिक यांची होती.

५ नोव्हेंबर १९८७ रोजी ब्रॉडवेच्या मार्टिन बेक थिएटरमध्ये नाटक लागले. सॅन डिएगोत चेटकीण एलेन फोली यांनी केली होती, इथे ती बर्नाडेट पीटर्स यांनी केली. पाववाला आणि त्याची बायको, म्हणजे चिप झीन आणि जोआना ग्लीसन, तेच राहिले. १९८८ च्या टोनी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा मान ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ने नेला, पण संगीत, संहिता आणि ग्लीसन यांचा अभिनय या तिन्ही बाजू ‘इन्टू द वुड्स’ने जिंकल्या. ७६५ प्रयोगांनंतर ३ सप्टेंबर १९८९ रोजी ते थांबले. एड्सने न्यूयॉर्कच्या नाट्यजगतातली माणसे एकेक करून ओढून नेण्याचा तो काळ. राक्षसिणीत अनेकांनी तो रोग पाहिला. लेखकांनी तसा एकच रोख ठरवून लिहिले नव्हते, तरी अवेळी माणसे गमावलेल्या प्रेक्षकाला हा अंक आपला वाटला यात नवल नाही.

त्यानंतरचे नाटकाचे आयुष्य मुख्यतः ब्रॉडवेबाहेरचे आहे. पात्रे बरीच, पण कोणा एका नटावर सगळा भार नाही. नेपथ्य श्रीमंत करता येते आणि चार शिड्यांवरही भागते. म्हणून लहान मंडळांना ते परवडते. फियास्को थिएटर या मंडळीने तर दहा-अकरा नट आणि एक पियानो एवढ्यावर ते उभे केले. दुसऱ्या बाजूला डिस्नेने २०१४ मध्ये काढलेल्या चित्रपटात निवेदक गाळला गेला आणि रापुंझेलला जिवंत ठेवले गेले. त्याने कथेची धार थोडी बोथट झाली.

शाळांसाठी केलेल्या छोट्या आवृत्तीत तर फक्त पहिला अंकच आहे. मुलांना नाटकाची गोडी लागावी हा तिचा हेतू चांगला आहे, पण तेवढे पाहून हे नाटक कळत नाही. मूळ ब्रॉडवे संचाचा १९८९ मध्ये चित्रित केलेला आणि १९९१ मध्ये अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवलेला प्रयोग उपलब्ध आहे. ज्यांना हे नाटक जाणून घ्यायचे आहे त्यांनी तोच पाहावा, आणि मध्यंतराला उठू नये.