फडके यांचा उठाव
वासुदेव बळवंत फडके (४ नोव्हेंबर १८४५–१७ फेब्रुवारी १८८३) यांनी १८७९ मध्ये पुणे जिल्ह्यात व त्याच्या परिसरात ब्रिटिश सत्तेविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. महाराष्ट्रातील क्रांतिकारक संघटनांचा प्रारंभ सामान्यतः या उठावापासून मानतात.

त्याची आर्थिक पार्श्वभूमी जिल्ह्याच्या पूर्वेकडील भीमथडी (हल्लीचा बारामती परिसर याच तालुक्यात मोडे) व इंदापूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांत स्पष्ट दिसते. इंदापुरात १८३० च्या सुमारास प्रिंगलने ठरविलेला सारा रयतेला पेलला नाही. शेतकरी जमिनी सोडून गेले. गोल्डस्मिड व विंगेट यांनी तो १८३६ मध्ये उतरविला. तथापि तीस वर्षांची मुदत संपताच सारा पुन्हा वाढविण्यात आला. त्याच सुमारास, अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर (१८६५), कापसाचे भाव कोसळले आणि शेतकरी सावकारांच्या कर्जात रुतला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो इंदापूर, शिरूर तसेच अहमदनगर जिल्ह्यात पसरला. कर्जखते हिसकावून जाळणे हा दंगेखोरांचा मुख्य हेतू होता. सावकारांना शारीरिक इजा क्वचितच झाली. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला.

लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेल्या फडक्यांनी दुष्काळी मुलखाची स्थिती जवळून पाहिली. या विपत्तीचे मूळ सावकारीत नसून परकीय राज्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. टपाल, तारायंत्रे व रेल्वे तोडून शासन विस्कळीत करावे, धनिकांकडून पैसा घेऊन सैन्य उभारावे आणि अखेर प्रजासत्ताक स्थापावे, अशी योजना त्यांनी आत्मचरित्रात मांडली आहे. सुशिक्षितांकडून साहाय्य न मिळाल्याने त्यांनी रामोशी, कोळी इत्यादींना संघटित केले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी (ता. शिरूर) येथे पहिली मोठी लूट झाली. मे महिन्यातील जाहीरनाम्यात रयतेला काम द्यावे व कर कमी करावेत, अन्यथा यूरोपीयांची कत्तल होईल, असा इशारा होता.

दौलतराव नाईक हा त्यांचा प्रमुख सहकारी मे १८७९ मध्ये चकमकीत पडला आणि गट विस्कळीत झाला. जुलैमध्ये फडके देवर नावडगी (विजापूर परिसर) येथे पकडले गेले. पुण्यातील खटल्यात त्यांना जन्मठेप झाली व एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

उठावाच्या अपयशाचे कारण त्याच्या घडणीतच होते. नेत्याचे उद्दिष्ट स्वराज्य होते, तर पोटासाठी आलेल्या अनुयायांना लूट पुरेशी वाटे. या विसंगतीची खंत फडक्यांनी स्वतःच व्यक्त केली आहे. शिवाय, सुप्याच्या दंग्यात गावेच्या गावे सामील झाली, तशी ती या उठावात झाली नाहीत. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्येच दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. फडक्यांच्या मागण्या मात्र तशाच राहिल्या. रशियातील ‘नारोदनाया वोल्या’ ही दहशतवादी संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. तीही शेतकऱ्यांच्या नावे लढली, पण त्यांचा उठाव घडवू शकली नाही. चापेकर बंधू (१८९७) व अभिनव भारत (१९०४) यांनी पुढे सशस्त्र मार्ग चालविला. परंतु शेतकऱ्यांच्या दैन्याचा प्रश्न त्यांच्या विचारात फडक्यांइतका केंद्रस्थानी राहिला नाही.