टक लावून न पाहणारे गाव

भाजल्याची जखम भरली, रुग्णाला घरी सोडले, की उपचार संपले असे आपण समजतो. रुग्णाची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. तो पहिल्यांदा घराबाहेर पडतो आणि समोरच्याची नजर त्याच्या चेहऱ्यावर खिळून राहते. या नजरेवरही उपचार करावे लागतात, हे एका सर्जनने ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. त्यांची ही हकीकत.

१९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात हवाई युद्ध पेटले होते. लढाऊ विमानात पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असे. तिला गोळी लागली की काही क्षणांत चेहरा आणि हात होरपळून निघत. यातले बरेचसे वैमानिक विशीतले होते. अशा अनेकांना लंडनच्या दक्षिणेला ईस्ट ग्रिन्स्टेड या छोट्या गावातल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये आणले जाई. तिथे आर्चिबाल्ड मॅकिंडो हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले प्लास्टिक सर्जन काम करत होते.

त्या काळी भाजलेल्या जागेवर टॅनिक अ‍ॅसिड लावत. त्याने जखमेवर कडक कवच तयार होई, बोटे आखडत, पापण्या ओढल्या जात. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा तुलनेने चांगल्या भरतात, हे मॅकिंडोंच्या लक्षात आले. त्यांनी टॅनिक अ‍ॅसिड बंद करून मिठाच्या कोमट पाण्याची स्नाने सुरू केली. मग शरीराच्या दुसऱ्या भागाची त्वचा घेऊन पापण्या, नाक, ओठ नव्याने घडवले जात. एकेका रुग्णावर अनेक शस्त्रक्रिया होत आणि त्यात वर्षे जात.

एवढा काळ माणसाने तग धरायचा कसा? मॅकिंडोंनी आधी वॉर्डचे नियम बदलले. रुग्णांना सक्तीने घालावा लागणारा हॉस्पिटलचा निळा पोशाख बंद झाला. स्वतःचे कपडे किंवा आपला गणवेश घालायची मुभा मिळाली. अधिकारी आणि साधे सैनिक एकाच वॉर्डात राहू लागले. तिथे बिअरचे पिंपही असे! ज्याला हवे त्याला दुसऱ्याची शस्त्रक्रिया पाहता येई, म्हणजे आपल्यावर काय होणार हे आधीच कळे.

त्यानंतर ते गावकऱ्यांकडे वळले. या मुलांना घरी जेवायला बोलवा, टक लावून पाहू नका, तोंडही फिरवू नका, अशी विनंती त्यांनी केली. गावाने ती मानली. अजून शस्त्रक्रिया बाकी असलेली ही मुले दुकानात, सिनेमाला, लोकांच्या घरी जाऊ लागली. 'टक लावून न पाहणारे गाव' अशीच ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख झाली.

१९४१ मध्ये रुग्णांनी स्वतःचा 'गिनी पिग क्लब' काढला. आपल्यावर नवनवे प्रयोग होतात, म्हणून हे नाव! पहिला खजिनदार असा निवडला, की ज्याचे पाय भाजले होते. म्हणजे तो पैसे घेऊन पळणार नाही. सुरुवातीला ३९ सभासद होते, युद्ध संपेपर्यंत ते ६४९ झाले. मॅकिंडो १९६० मध्ये वारले, पण सभासदांची शेवटची मोठी भेट २००७ मध्ये झाली.

तुमच्या गल्लीत, नात्यात भाजण्यातून वाचलेले कुणी असेल, तर यातले बरेचसे तुम्हालाही करता येईल. बोलताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. प्रश्न सोबतच्या नातेवाइकाला नको, त्यांनाच विचारा. "कसं झालं?" हे त्यांनी सांगितले तरच ऐका. "बिचारी" म्हणू नका. लग्नाचे, हळदीकुंकवाचे आमंत्रण आठवणीने द्या. येणे न येणे त्यांच्यावर सोडा.

झोप लागत नसेल, आगीचा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे येत असेल, तर तो मनाचा कमकुवतपणा समजू नका. डॉक्टरांना लगेच सांगा, मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

त्वचा आम्ही सर्जन लावू शकतो. पण माणसांत परत नेण्याचे काम तुमचे आहे.