परसबागेतील उतरत्या हंगामाची काढणी

पावसाळी भाज्यांचा बहर ओसरल्यावर आणि थंडी वाढण्यापूर्वी परसबागेतील उरलेली फळे, शेंगा व कंद टप्प्याटप्प्याने काढून घेणे, यास उतरत्या हंगामाची काढणी म्हणता येईल. थंड प्रदेशांत तिची मुदत पहिल्या हिमतुषाराने (दहिवराने) ठरते. कोल्हापूर परिसरात ती साधारणतः दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत चालते.

हिमतुषार आणि महाराष्ट्र

निरभ्र आकाश व वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकतात. त्यामुळे पानांचे तापमान सभोवतालच्या हवेपेक्षाही खाली जाते. हवेचे तापमान शून्याच्या काही अंश वर असतानाही पानांवरील दव गोठू शकते. थंड हवा जड असल्याने खोलगट जागी साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात व लिंगमळा भागात हिमकण दिसतात, ते याच कारणाने. नाशिक जिल्ह्यात निफाड येथे पारा अनेकदा ५ अंश सेल्सिअसखाली उतरतो. तेथील द्राक्षबागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात आणि बागेस पाणी देतात. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते व रात्री ती सावकाश सोडते.

कोल्हापूर शहरात हिमतुषाराची भीती नाही. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील बागकाम पुस्तकांतून पहिल्या हिमतुषारापासून मागे मोजून दिलेली वेळापत्रके येथे कुचकामी ठरतात. त्यांवर विसंबून वेल उपटणाऱ्यास कित्येक आठवड्यांच्या भाजीस मुकावे लागते.

कोल्हापुरातील काढणी

या भागात घरामागील मोकळ्या जागेस ‘परडे’ (बोलीत ‘परडं’) म्हणतात. तेथील सर्व पिकांना थंडी सारखी मानवत नाही. भेंडी, दोडका, कारली व काकडी ही उष्णता मागणारी पिके रात्री गारठू लागताच मंदावतात. दिवसा कोरडी हवा व रात्री दव असे दिवस सुरू झाले, की वेलवर्गीय भाज्यांच्या पानांवर भुरी रोगाची पांढरी पूड दिसू लागते. अशा वेली ठेवण्यात अर्थ नसतो. कोवळी फळे तोडून त्या काढाव्यात आणि जागा मेथी, पालक, मुळा व कोथिंबिरीस द्यावी.

वरणा आणि पावटा यांची गोष्ट उलट आहे. त्यांच्या पारंपरिक जातींना फुलोरा येतो तोच दिवस लहान होऊ लागल्यावर. दिवाळीपर्यंत नुसता पाला दिसतो म्हणून वेल कापून टाकल्यास ऐन शेंगांचा हंगाम हातचा जातो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी होणाऱ्या भोगीच्या भाजीत पावट्याचे दाणे असतात, ते उगाच नव्हे.

साठवण

टोमॅटो पूर्ण वाढून त्याच्या हिरव्या रंगावर पांढुरकी झाक आली, की तो झाडावरून उतरवला तरी पिकतो. त्यास १८ ते २१ अंश तापमान मानवते. हिरवा टोमॅटो शीतकपाटात ठेवल्यास धड पिकत नाही आणि चवही बिघडते. लाल भोपळ्याच्या सालीत नख रुतेनासे झाले म्हणजे तो तयार समजावा. तो देठासह कापावा, कारण देठ तुटलेल्या जागेतून कूज शिरते. बेळगाव भागात मोठ्या प्रमाणावर होणारी रताळी खणल्यावर धुवू नयेत. खणताना साल खरचटलेली रताळी वेगळी काढून आधी खावीत. उरलेली काही दिवस उबदार, दमट जागी ठेवल्यास बारीकसारीक जखमा भरून येतात.